मेरी कोण होती? नाताळच्या आधीचे चार दिवस : कोल्हापूर, मिरज, पन्हाळा

आईचा जन्म कोल्हापूरच्या मेरी वानलेसमधला. आमच्या घरात पुढं हॉस्पिटल वगैरे कुणी लावतच नाही, 'तुझी आई मेरीवानलेसची' एवढंच, एका दमात, एक शब्द असल्यासारखं. मागच्या दिवाळीत मी सहज विचारलं की ही मेरी कोण गं, तर आई लाडू वळता वळता म्हणाली, "येशूची आई, दुसरी कोण असणार?" शेजारी आईची शाळेपासूनची मैत्रीण बसली होती, आम्ही त्यांना मावशी म्हणतो, त्या ख्रिश्चन आहेत, मिरजेला नर्सिंग करून आयुष्यभर नर्सची नोकरी केलेल्या. त्या म्हणाल्या, "नाही गं. डॉक्टरांची बायको ती. मिरजेच्या वानलेस डॉक्टरांची पहिली बायको." आई एकदम गप्प झाली. एवढी वर्षं आपण जिचं नाव सांगतोय ती खरी बाई होती, आपल्याच भागात राहिलेली, आणि आपल्याला पत्ता नाही, हे तिला लागलं. मलाही लागलं. मग ठरलं की नाताळच्या आधी चार दिवस सुट्टी काढायची, कोल्हापूरला मावशींकडं उतरायचं आणि ज्यांची नावं आपण रोज रिक्षात बसताना घेतो त्या माणसांच्या जागा बघून यायच्या. पुण्यात परत आल्यावर लगेच लिहून काढते आहे, नाहीतर राहून जाईल.

पहिला दिवस, शनिवार

सकाळी साडेसहाची गाडी धरली. हायवेचं काम जागोजागी चालू, साताऱ्याच्या पुढं तासभर गाडी हलेना, साडेअकराला पोचायचं ते दीड वाजला. मावशी जेवायच्या थांबल्या होत्या. दारात कागदी चांदणी लावलेली, आत बल्ब, आणि घरभर करंज्यांचा वास. पुण्यातल्या ऑफिसातल्या लोकांना मी सांगते तेव्हा त्यांना नवल वाटतं पण आपल्याकडच्या ख्रिश्चन घरात नाताळचा फराळ म्हणजे करंज्या, शंकरपाळी, अनारसे असतातच, केक नंतर आला. जेवायला पांढरा रस्सा आणि भाकरी होती. भूक अशी लागलेली की मी दोन वाट्या नुसता प्यायले.

भिंतीवर येशूचं चित्र होतं, निळे डोळे आणि सोनेरी केस. मी मावशींना विचारलं की तुम्हाला कधी वाटलं नाही का हा आपल्यासारखा दिसावा. त्या म्हणाल्या लहानपणी हेच बघितलं त्यामुळं हाच ओळखीचा. मग मी त्यांना मोबाईलवर आंजेलो दा फोन्सेकांची चित्रं दाखवली. गोव्यातले हे चित्रकार, १९०२ सालचा जन्म, शांतिनिकेतनात अवनींद्रनाथ ठाकुरांच्या हाताखाली शिकले आणि पुढचं बरंच आयुष्य पुण्यात ख्रिस्त प्रेम सेवा संघाच्या आश्रमात काढलं, १९६७ मधे गेले. त्यांची मरिया साडी नेसते, डोक्यावरनं पदर, मांडी घालून बसते. गोव्यात त्या काळी हे पुष्कळांना रुचलं नव्हतं. मावशी चष्मा पुसून पुसून बघत होत्या. एका चित्रावर थांबल्या आणि म्हणाल्या, "ही आमच्या आईसारखी बसलीया बघ." शांतिनिकेतनात शिकवणाऱ्या विनायक मासोजींनीही येशूची चित्रं काढली, तेही मराठी माणूस, पण त्यांचं नाव आपल्याकडं फारच थोड्यांना माहीत असतं आणि ह्याचं मला खरंच वाईट वाटतं.

संध्याकाळी फिरायला बाहेर पडलो. गेटवरच्या पाट्या मी लहानपणापासून बघितल्यात पण आज पहिल्यांदा वाचल्या असं म्हणायला हरकत नाही. इर्विन ख्रिश्चन हायस्कूल. एस्थर पॅटन हायस्कूल. ही एस्थर पॅटन म्हणजे अमेरिकन मिशनची बाई, लग्नाच्या भानगडीत न पडता एकटी इतक्या लांब आलेली. त्या काळात अमेरिकेतसुद्धा बायकांना मतदानाचा हक्क सगळीकडं नव्हता, आणि ती कोल्हापुरात मुलींच्या शिक्षणाच्या कामात राहिली, आणि आज पोरी तिचं नाव छातीवरच्या बिल्ल्यावर घालून शाळेला जातात. मावशी म्हणाल्या आम्ही नुसतं 'पॅटनला जातो' म्हणायचो.

दुसरा दिवस, रविवार

आजचा दिवस वायल्डर चर्चचा. सकाळी मावशींनी ठेवणीतली इरकल काढली, मला म्हणाल्या तू पण साडी नेस, नेसले. चर्चच्या दारात सगळे एकमेकांना 'जय ख्रिस्त' करत होते, मलाही केलं, मीही केलं.

उपासना पूर्ण मराठीत. पेटी आणि तबला. मावशींचं गीतांचं पुस्तक त्यांच्या सासूबाईंचं आहे, पुठ्ठा गेलेला म्हणून त्यावर जुन्या साडीचा तुकडा शिवलाय, जांभळा, बारीक बुट्ट्यांचा, आणि कडेला बोटं लागून लागून तो काळपट मऊ झालाय. कितीतरी गीतांच्या खाली कवीचं नाव बारीक अक्षरात, आणि त्यातलं सगळ्यात जास्त वेळा येणारं नाव नारायण वामन टिळक. कोकणातल्या करजगावचा १८६१ सालचा जन्म, चित्पावन घर, १८९५ मधे मुंबईत बाप्तिस्मा घेतला आणि मग येशूसाठी अभंग लिहिले, ओव्या लिहिल्या. माझ्या मते टिळकांनी केलेलं सगळ्यात मोठं काम हेच, की परक्या चालीत कोंबलेले शब्द बाजूला ठेवून तुकोबांच्या वाटेनं गेले, म्हणून तर आज म्हाताऱ्या बायका पुस्तक न उघडता डोळे मिटून म्हणतात. मावशींनी एकदाही पान बघितलं नाही, पुस्तक नुसतं मांडीवर.

मी मधेच आजूबाजूला बघत होते. भिंती साध्या, मूर्ती नाही, चित्र नाही, प्रेस्बिटेरियन परंपरेत, म्हणजे प्रोटेस्टंटांच्या ह्या पंथात, देवळात चित्रं ठेवायची पद्धत नाही. समोर पुलपिट, म्हणजे प्रवचनासाठीचा उंच कट्टा, आणि लाकडी वधस्तंभ.

उपासना संपल्यावर चहा झाला, तिथं एक रिटायर्ड मास्तर भेटले. त्यांच्याकडनं आणि मी आधी वाचून ठेवलेलं त्यातनं जी गोष्ट जुळली ती आता सविस्तर सांगते, कारण ती माझ्या डोक्यातनं जात नाहीये.

रॉयल गुल्ड वायल्डर. १८१६ मधे अमेरिकेत व्हर्माँटला जन्म, थंडीचा शेतकरी मुलूख. १८४६ मधे नवराबायको दोघं, बायकोचं नाव एलायझा, नगरच्या अमेरिकन मराठी मिशनमधे आले. सुवेझ कालवा व्हायचा होता, म्हणजे शिडाच्या जहाजातनं आफ्रिकेला पूर्ण वळसा घालून महिनोनमहिने. नगरला त्यांच्याकडं शाळांचं काम. आता हे लक्षात घ्या, त्याच नगरात त्याच मिशनच्या सिंथिया फॅरारबाई मुलींची शाळा चालवत होत्या, जी बघून जोतीराव फुल्यांच्या मनात पुण्यात मुलींची शाळा काढायचं आलं आणि १८४८ मधे भिडेवाड्यात ती सुरू झाली. म्हणजे जोतीराव ती शाळा बघून गेले तेव्हा वायल्डर तिथंच नगरात काम करत होते. त्यांची भेट झाली असं मी अजिबात म्हणत नाही, पण एकाच गावात एकाच वेळी काय काय शिजत होतं हे बघितलं की अंगावर काटा येतो.

१८५२ मधे वायल्डर कोल्हापूरला आले. बोरीबंदर ते ठाणे पहिली आगगाडी धावली १८५३ मधे, कोल्हापूरला तर रेल्वे यायला अजून चाळीसेक वर्षं होती. संस्थानाची राजधानी, अंबाबाईचं गाव, तिथं हा परका माणूस येऊन शाळा काढतो आणि चौकात उभा राहून प्रवचन करतो, विरोध होणारच. पण खरा घाव विरोधकांनी नाही घातला, घरच्यांनी घातला. १८५४-५५ च्या सुमारास मिशनला माणसं आणि पैसा पुरवणाऱ्या अमेरिकेतल्या बोर्डाचे सेक्रेटरी रूफस अँडरसन भारतात पाहणीला आले, त्यांचं मत असं की मिशननं शाळांत, विशेषतः इंग्रजी शाळांत, पैसा आणि माणसं घालवू नयेत, लोकांच्या भाषेत प्रवचन करावं, ख्रिस्ती लोकांच्या मंडळ्या उभ्या कराव्यात. वायल्डरांचं म्हणणं शाळा पाहिजेतच. वाद पेटला. शेवटी बोर्डानं कोल्हापूरच्या कामातनं अंगच काढून घेतलं आणि वायल्डर अमेरिकेला परत गेले. इकडं कोल्हापुरात त्याच सुमाराला १८५७ चं बंड, २७ व्या पलटणीचा उठाव, चिमासाहेब महाराजांना कराचीला नेऊन ठेवलं.

मास्तर इथं थांबले, बशीत चहा ओतला, म्हणाले, "आता इथनं पुढं बघा हं."

इथनं पुढं म्हणजे असं की पंचेचाळिशीला आलेला, तब्येत खालावलेला हा माणूस, नोकरी गेलेली, तिकडं गप घरी बसला असता तर कुणी नाव ठेवलं नसतं. त्यानं १८६१ मधे भारतातल्या मिशन शाळांची बाजू मांडणारं पुस्तक छापलं आणि त्याच साली बायकोला घेऊन परत कोल्हापूरला आला. पगार नाही, पाठीशी बोर्ड नाही, ओळखीपाळखीच्या लोकांनी दिलेल्या देणग्यांवर. तिकडं अमेरिकेत यादवी युद्ध चालू झालेलं. जवळजवळ दहा वर्षं असं एकट्याच्या हिमतीवर चालवलं, १८७० मधे अमेरिकन प्रेस्बिटेरियन बोर्डानं ते काम हाती घेतलं तोवर. म्हणजे मिरजेचं हॉस्पिटल, कोडोली, सांगली, वेंगुर्ला, हे प्रेस्बिटेरियन मिशनचं जे सगळं जाळं नंतर ह्या भागात पसरलं त्याची मुळी ही. हा माणूस परत आला नसता तर मेरी वानलेस हे नाव कोल्हापूरला माहीतच झालं नसतं.

पुढं मिशनवाल्यांनी त्यांच्या कामाचा हिशोब लिहून ठेवलाय : तीन हजारांवर गावांत प्रवचनं, शाळांमधे ३,३०० वर मुलं, त्यातल्या ३०० मुली. मी ३०० ह्या आकड्यापाशी अडकले. ३,३०० मधे ३०० म्हणजे अकरा जणांत एक पोरगी. आज कमी वाटेल. पण एकेका मुलीमागं एकेका आईबापाला घरी जाऊन पटवायला लागलं असेल, हे ज्यांनी गावात मुलींच्या शाळेसाठी काम केलंय त्यांना कळेल.

एक गोष्ट झाकून ठेवणार नाही. ह्या लोकांनी आपल्या देवांबद्दल, सणांबद्दल जे लिहिलंय ते वाचताना मला त्रास होतो. त्यांना वाटायचं आपण अंधारात चाचपडणाऱ्या लोकांकडं दिवा घेऊन चाललोय. वारीला जाणारा माझा आजोबा अंधारात नव्हता. हे मी मास्तरांना स्पष्ट बोलले, तेही ख्रिश्चन माणूस, पण रागावले नाहीत, म्हणाले, "आमच्या घरात पण आजोबांच्या आधी खंडोबा होता की. दोन्ही खरं हाय. ते आले धर्म द्यायला, आणि आमच्या लोकांनी आधी पाटी-पेन्सिल घेतली. शाळेत शेजारी बसायला मिळालं, हे लई मोठं होतं त्या वेळी." मला वाटतं ज्यांना तेव्हा शेजारी बसू दिलं जात नव्हतं त्यांच्या बाजूनं बघितल्याशिवाय ह्या विषयावर बोलू नये. शाहू महाराजांना हे बरोब्बर कळलं होतं, म्हणून तर १९०८ मधे अस्पृश्य मुलांसाठी मिस क्लार्क बोर्डिंग उभं राहिलं, आणि त्याच्या आधी मराठा, जैन अशा बोर्डिंगांची रांगच लागली होती.

वायल्डरांचा मुलगा रॉबर्ट, जन्म कोल्हापूर, १८६३. आपल्या गावात जन्मलेला हा पोरगा पुढं प्रिन्स्टनला शिकला, आणि १८८६ च्या उन्हाळ्यात मॅसॅच्युसेट्समधे माउंट हर्मनला विद्यार्थ्यांचं शिबिर भरलं, अडीचशेच्या आसपास पोरं, त्यात सुरुवातीला मिशनरी व्हायला तयार असलेले एकवीस, आणि शिबिर संपेपर्यंत शंभर. हे घडवण्यात पुढाकार रॉबर्टचा. त्यातनं स्टुडंट व्हॉलंटिअर मूव्हमेंट उभी राहिली आणि पुढच्या काही दशकांत तिच्यातनं हजारो तरुण जगभर गेले. आणि ह्याच्या मागं त्याची बहीण ग्रेस, जिचं नाव कमी येतं, प्रिन्स्टनच्या घरी भाऊ-बहीण दोघं एक हजार माणसं मिळावीत म्हणून रोज प्रार्थना करायचे. १८८७ मधे वायल्डर न्यूयॉर्कला वारले. त्यानंतर साठी उलटलेली एलायझा मुलीला घेऊन पुन्हा इकडं आली, कोल्हापूर, मग इस्लामपूर. विधवा बाई, आपल्या देशात नातेवाईक, थंड हवा, सगळं असताना. मी मावशींना म्हटलं ही का आली असेल. मावशींनी सरळ सांगितलं, "तिचं घर इथंच होतं की गं. पोरं इथं वाढवली."

तिसरा दिवस, सोमवार

मिरजेला आगगाडीनंच जायचं असं मावशींनी बजावलं होतं, एसटी नको. ही लाईन १८९१ मधे सुरू झाली. वानलेस डॉक्टर १८८९ मधे ह्या भागात आले, म्हणजे सुरुवातीची वर्ष-दीड वर्ष त्यांनाही बैलगाडीच.

गाडी सुटून जरा पुढं गेल्यावर वळिवडे. मावशींनी खिडकीतनं बोट दाखवलं. इथं दुसऱ्या महायुद्धात पोलंडच्या निर्वासितांची छावणी होती, १९४३ ते ४८, पाचेक हजार माणसं, बहुतेक बायका आणि मुलं, रशियातल्या हद्दपारीतनं कशीबशी वाचून आलेली. छावणीत त्यांचं कॅथलिक चर्च, पोलिश शाळा, सगळं होतं. ते गेल्यावर तिथं फाळणीनंतर आलेले सिंधी लोक वसले आणि तेच आजचं गांधीनगर, जिथं आपण लग्नाचा बस्ता बांधायला जातो. एका निर्वासितांनी रिकाम्या केलेल्या खोल्यांत दुसरे निर्वासित. गाडी पुढं गेली तरी मी मागं बघत होते.

मिरजेत उतरल्यावर आधी हॉस्पिटलच्या बाजूला गेलो. मावशी गेटसमोर उभ्या राहिल्या त्या बराच वेळ काही बोलल्याच नाहीत. अठरा वर्षांच्या असताना पत्र्याची ट्रंक घेऊन इथं आलेल्या, वडील सोडून गेले तेव्हा ह्याच झाडाखाली रडलेल्या. मग सांगायला लागल्या आणि थांबेनात. पहाटे पाचला उठणं, चादरीचा कोपरा बरोबर पंचेचाळीसच्या कोनात मोडायचा, सिस्टर येऊन बोट फिरवून बघायच्या, सुरकुती असली तर पूर्ण बेड परत. पेशंटच्या नातेवाइकानं आरडाओरडा केला तरी आवाज चढवायचा नाही. त्यांनी तिथल्या तिथं आपला रुमाल काढून त्याचा कोपरा मला मोडून दाखवला, बोटं अजून तशीच चालतात, एका झटक्यात, धारदार घडी.

विल्यम जेम्स वानलेस, जन्म १८६५, कॅनडाचे. न्यूयॉर्कला डॉक्टरी शिकले आणि १८८९ मधे बायको मेरीला घेऊन आले, लग्न होऊन काहीच महिने झालेले. आधी सांगलीत, मग मिरजेच्या बाजारात दवाखाना. १८९४ मधे हॉस्पिटल उघडलं. ऑपरेशन म्हटलं की लोक पळायचे तो काळ. पण मोतीबिंदूनं आंधळा झालेला माणूस ऑपरेशननंतर स्वतःच्या पायानं गावात परत गेला की त्या गावातनं पुढच्या आठवड्यात गाडी भरून माणसं यायची, त्याला कुठली जाहिरात लागत नव्हती. नंतर नर्सिंग शिकवणं आलं, क्षयरोग्यांसाठीचं हॉस्पिटल आलं, डॉक्टरांच्याच नावानं वानलेसवाडी. मिरजेत कुष्ठरोग्यांसाठीही मिशनचं वेगळं हॉस्पिटल. १९२८ मधे ब्रिटिश सरकारनं त्यांना 'सर' केलं, त्याच साली ते निवृत्त झाले, १९३३ मधे कॅलिफोर्नियात वारले. जवळजवळ चाळीस वर्षं ह्या एका कामात.

आणि मेरी. मेरी मार्शल, माहेरचं आडनाव. तिच्याबद्दल लिहिलेलं फार सापडत नाही, नवऱ्याचं पान भरून आणि तिची एक ओळ. पण त्या एका ओळीचं गणित मांडून बघा. १८८९ मधे नवी नवरी म्हणून बोटीत बसली. १९०६ मधे वारली, इथंच भारतात. सतरा वर्षं. त्या सतरा वर्षांत १८९६ पासूनचा प्लेग बसतो, १८९७ चा दुष्काळ बसतो, १८९९-१९०० चा मोठा दुष्काळ बसतो. बाजारातल्या दवाखान्यापासून दगडी हॉस्पिटलापर्यंत सगळं तिच्या डोळ्यासमोर उभं राहिलं. ज्या वर्षांत हॉस्पिटल सगळ्यात गरीब आणि सगळ्यात अवघड होतं ती वर्षं तिच्या वाट्याची, आणि मानसन्मान आले तोवर ती नव्हती. कोल्हापुरात हॉस्पिटलला तिचं नाव दिलं ते मला म्हणून फार योग्य वाटतं. कोल्हापूरकर आजपण पोरगं कुठं झालं विचारलं की तिचंच नाव घेतात.

परत येताना गाडीत जयसिंगपूरचं भडंग घेतलं, मावशी खिडकीला डोकं टेकून झोपल्या. हातात रुमाल, कोपरा अजून मोडलेला.

चौथा दिवस, मंगळवार

सकाळी पन्हाळा. धुकं इतकं की तीन दरवाजा हाताच्या अंतरावर आल्यावर दिसला. मिशननं १८७७ मधे पन्हाळ्यावर ठाणं केलं आणि १८९३ मधे खाली वारणेच्या बाजूला कोडोलीत. आम्हाला कोडोलीला जायचं होतं पण मावशींचे गुडघे चढउतार करून बोलायला लागले म्हणून रद्द केलं, पुढच्या खेपेला. पन्हाळा मोरोपंतांचंही गाव, १७२९ चा जन्म. मला टिळकांची रविवारची गीतं आठवत होती. मोरोपंत, मग टिळक, देव वेगळा पण आळवायची रीत तीच, आणि भाषा तर आपलीच. झुणका-भाकर खाऊन खाली उतरलो.

दुपारी ख्रिश्चन दफनभूमी. मावशींना सासू-सासऱ्यांच्या कबरी साफ करायच्या होत्या, नाताळच्या आधी घरोघरचे लोक येऊन करतात. त्यांनी पिशवीतनं नारळाची शेंडी, बादली, चुन्याची पुडी काढली आणि पदर खोचून बसल्याच. मीही एक बाजू घेतली. शेवाळ घासलं की खालनं अक्षरं वर येतात, आधी काना, मग वेलांटी, मग अख्खा शब्द. 'प्रभूमध्ये झोपी गेली.' मरण पावली असं नाही, झोपी गेली. हे मराठी मला फार आवडलं.

पलीकडं पोलिश लोकांच्या कबरी आहेत, वळिवड्याच्या छावणीत गेलेल्यांच्या. २०१४ मधे पोलंडच्या लोकांनी त्या दुरुस्त करून घेतल्या. नावं वाचता येत नव्हती, नुसत्या तारखा वाचत गेले आणि काही ठिकाणी दोन तारखांमधलं अंतर इतकं थोडं होतं की पुढं वाचवेना. मावशी मागनं आल्या, बादलीत उरलेलं पाणी होतं ते एका छोट्या कबरीवर ओतलं, शेंडीनं दोन-चार हात मारले. म्हणाल्या, "ह्यांचं कोण येणार आता इथं. पाणी उरलंयच तर."

तिथनं रिक्षा केली. रिक्षावाल्या दादांना म्हटलं मेरी वानलेसवरनं घ्या जरा. ते म्हणाले, "पेशंट हाय काय आत?" मावशी म्हणाल्या, "नाही ओ, हिची आई झाली हितं." दादांनी लगेच रिक्षा कडेला घेतली, म्हणाले, "माझी दोन्ही पोरं हितलीच. बघून या निवांत, थांबतो."

गेटपाशी उभी राहून मी आईला फोन लावला. सगळं सांगितलं, १८८९, १९०६, सतरा वर्षं, नवी नवरी. आई मधे मधे नुसतं 'हं, हं' करत होती. मग म्हणाली, "म्हणजे गेली तेव्हा फार वय नसणार गं तिचं."

"नसणार."

"फोटो मिळाला का तिचा कुठं?"

नाही मिळाला म्हटलं. रविवारी भेटलेले मास्तर म्हणालेत की मिशनच्या जुन्या अहवालांत बघूया, जानेवारीत परत या. आई म्हणाली, "मग मी पण येते जानेवारीत."